गाडी गचके देते की आचके?

उंबरठा
भाच्याला गाडी शिकवणं चालू आहे. परवा चढावर त्याने क्लच एकदम सोडला, गाडी उड्या मारत पुढे गेली आणि बंद पडली. मी सहज म्हटलं, "अरे, आचके काय देतेय गाडी!" मागे सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे टोकलं. "आचके माणूस देतो, शेवटचे. घरच्या गाडीला असलं काही म्हणू नये."

घरी आल्यावर विषय पेटला. नवरा साताऱ्याचा, त्याच्या मते गाडी गचके देते. मी नाशिकची, माझ्या माहेरी गाडीला आचके आणि हिसके दोन्ही चालतात. शेजारच्या काकू धचके म्हणतात. भाचा म्हणतो, "मामी, जर्क मारतेय," आणि मोकळा होतो.

तर हे सगळे शब्द एकाच गोष्टीचे, की प्रत्येकाची जागा ठरलेली आहे? कोशात अर्थ मिळतो. कोण, कुठे, कशाला काय म्हणतं ते मात्र तुम्हीच सांगाल.

तिसरा_डबा
गचका. दुसरा शब्दच नाही. एसटीच्या मागच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या माणसाला विचारा.

मागच्याच बाकावर गचके जास्त का बसतात, हेही सांगतो. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे लोंबतो. चाक खड्ड्यात गेलं की तिथला माणूस चाकापेक्षा जास्त उडतो. दोन्ही आसांच्या मधल्या सीटवर बसलात तर तोच खड्डा निम्माही जाणवत नाही. पाठदुखीवाल्यांनी मधली सीट धरावी.

खवचट_मी
आणि 'गचकला' म्हणजे? सासूबाईंना सांगा, गचके म्हटलं तरी शेवट तोच आहे.

उंबरठा
हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही.

कासरा
शब्द सुटा धरू नका. त्याच्यापुढे क्रियापद कोणतं येतं ते बघा, निम्मं भांडण मिटेल.

हिसका देतात किंवा मारतात. तो हाताने, हेतूने आणि ओढीच्या दिशेने असतो. बैल भलतीकडे वळला की कासऱ्याला हिसका द्यायचा. विहिरीत पोहरा सोडला की तो पाण्यावर नुसता तरंगत राहतो. दोराला बाजूने एक हिसका दिला की कलंडतो आणि भरतो. लहानपणी हा हिसका जमेपर्यंत बायका आम्हा पोरांना रहाटाजवळ फिरकू देत नसत. बैलही हिसका देतो आणि कासरा हातातून सोडवून घेतो. त्यातही हेतू आहेच, फक्त तो बैलाचा.

गचका बसतो किंवा खावा लागतो. तो कुणी मुद्दाम देत नाही. आपण ज्याच्यावर बसलोय ते हललं म्हणून आपण हललो. बैलगाडीचं चाक दगडावरून उतरलं की साट्यात बसलेल्याला गचका. तेव्हा उंबरठाताई, तुमची गाडी 'गचके देते' हेही मला जरा जुळवून घेतलेलंच वाटतं. बसलेल्यांना गचके बसतात, गाडी गचके खाते.

आचके देतात, पण त्या देण्यात देणाऱ्याची मर्जी नसते. अंग आपोआप देतं. सासूबाई बरोबर आहेत.

झटका मात्र येतो, बसतो, देतात, मारतात, लागतो. कुठलंही क्रियापद त्याला चालतं. म्हणूनच तो बाकीच्यांना खाऊन बसलाय.

फिरकी
'हिसका ओढीच्या दिशेने' हे पतंगवाल्यांकडून शंभर टक्के मान्य. आम्ही येवल्याचे. संक्रांतीला तीन दिवस गाव गच्चीवर असतं आणि हातात आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी. वारा पडला की पतंग उचलायला छोटे छोटे हिसके द्यावे लागतात. हिसका दिला की पतंग वर सरकतो, मग लगेच ढील. नुसतं ओढत राहिलात तर मांजा हातात गोळा होतो आणि पतंग डोक्यावर येऊन बसतो. हिसका म्हणजे ओढ आणि तिच्या मागोमाग सोडणं. सोडणं नसेल तर ती नुसती खेच.

कासरा
हे 'सोडणं' माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पोहऱ्याच्या दोरालाही तसंच करतात, ताण दिला की लगेच सैल.

पाटावरवंटा
तुम्हा पुरुषमंडळींच्या यादीत सूप नाही, हे बघून नवल वाटलं नाही.

पाखडताना सूप वर उडवतात आणि फोलपट वाऱ्याने पुढे जातं. घोळताना ते गोल फिरवतात. पण खडा आणि कणी वेगळी काढायची तर सूप आडवं धरून मनगटाने बारीक बारीक हिसके द्यायचे, की जड ते एका अंगाला आणि हलकं ते दुसऱ्या अंगाला सरतं. याला आमच्याकडे आसडणे म्हणतात. माझ्या आजीच्या हातात सूप असलं की दाणे सांगितल्यासारखे वेगळे होत. मला अजून जमत नाही, माझ्या सुपातून खड्यांबरोबर तांदूळही जमिनीवर जातात.

धुण्यातही हेच. साडी पिळली की दोन टोकं धरून हिसका देतात, म्हणजे चुण्या निघतात. मग तिला झटकतात, म्हणजे पाणी उडतं. झटकणं आणि हिसका देणं यांत फरक आहे. झटकतो तेव्हा काहीतरी निघून जायला हवं असतं, पाणी, धूळ, नाहीतर मुंगी. हिसक्यात तसं काही घालवायचं नसतं.

खवचट_मी
जबाबदारी झटकणे.

पाटावरवंटा
तेच तर! हात झटकतात तेव्हा हाताला चिकटलेलं काम निघून जायला हवं असतं. आळस झटकतात. संशय झटकून टाकतात. 'जबाबदारीला हिसका दिला' असं कुणी म्हणत नाही.

तिसरा_डबा
आणि 'हिसका दाखवणे'? त्यात कुठे दोर आहे?

कासरा
दोर दिसत नाही, पण आहे. वेसण ज्याच्या हातात तो हिसका दाखवतो. 'पोलिसी हिसका' म्हणताना कुणाच्या नाकात काय आहे ते सगळ्यांना कळतं. अर्थात ही माझी समजूत. व्युत्पत्ती म्हणून माझ्या नावावर पुढे पाठवू नका.

मांडवी_नाका
मी बडोद्यात वाढलेली मराठी. उंबरठा यांनी नाशिककडे गाडीला आचके चालतात म्हटलं, त्यावर एक भर घालते. गुजरातीत 'आंचको' हा रोजचा शब्द आहे आणि त्यात मरणाचा वास नाही. गाडीचा आंचको, मनाला बसलेला आंचको, भूकंपाचा आंचको. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा आम्ही बडोद्यातही हललो होतो आणि पुढे कितीतरी दिवस गुजराती पेपरात आंचको हाच शब्द वाचला. मात्र त्याचं स्त्रीलिंगी रूप 'आंचकी' म्हणजे तिकडे फिट, आकडी. म्हणजे शरीराशी असलेलं नातं तिथेही तुटलेलं नाही.

त्याच सुमाराला मराठी पेपरात 'भूकंपाचे धक्के' किंवा 'हादरे' असत. आमच्या घरात दोन्ही पेपर यायचे. एकच भूकंप वडिलांना धक्का होता आणि शेजाऱ्यांना आंचको.

उंबरठा
अरे वा! म्हणजे माझे आचके सुरतेच्या बाजूने आले असतील?

कासरा
असतील किंवा नसतील. दोन्ही भाषांनी एकाच जुन्या घरातून उचलला असेल तर कुणी कुणाचा घेतला ते कसं ठरवणार? पण वापराची सवय शेजाराने लागते, एवढं नक्की.

भूकंपग्रस्त
धक्क्याचा विषय निघालाय म्हणून. आमचं गाव कोयनेच्या पट्ट्यातलं. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप पहाटेचा, तो घरच्यांकडून ऐकलेला. पण बारके धक्के आम्ही लहानपणापासून खाल्लेत. भांडी वाजली की आई म्हणायची, 'धक्का झाला.' बसला नाही, झाला. पाऊस झाला म्हणतात तसं. गचका किंवा झटका हे शब्द भूकंपाला कधी ऐकले नाहीत. धक्क्याला दिशा नसते, तो कुठूनही येतो. आणि त्याच्या आधी जो गडगडाट येतो त्याला आमच्याकडे 'आवाज' एवढंच म्हणतात. 'आवाज झाला, पण धक्का नाही झाला.'

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे. दोन दिवस नुसतं वाचत होतो, पण आचके आणि झटके हे शब्द आमच्याकडे रोज येतात म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

पेशंट 'झटका आला' म्हणतो तेव्हा आम्हाला अंदाज घ्यावा लागतो. पन्नाशीच्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगितलं तर हृदयविकाराचा. आईने मुलाला कडेवर घेऊन सांगितलं तर बहुधा फिटचा. तोंड वाकडं झालेल्या आजोबांच्या नातेवाइकांनी सांगितलं तर लकव्याचा. तीन वेगळे आजार, शब्द एकच. म्हणून मी उलट विचारतो, 'झटका आला म्हणजे नेमकं काय झालं ते करून दाखवा.' लोक लाजतात, पण करून दाखवतात आणि त्यातून बरंच काही कळतं. आता मोबाइलवर चित्रण करून आणतात, ते तर फारच उपयोगी.

अंगाचे सगळे हिसके म्हणजे आजार नव्हेत, हे आधी सांगतो. झोप लागता लागता पायरी चुकल्यासारखं होऊन अख्खं अंग दचकतं, ते बहुतेकांना कधी ना कधी होतं. दमलेले असाल, ताण असेल, संध्याकाळी कॉफी जास्त झाली असेल तर जास्त होतं. त्याला काही करायचं नसतं. उचकी हाही असाच हिसका आहे, फक्त छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याचा. तान्ह्या बाळाला जरा खाली सोडल्यासारखं केलं किंवा मोठा आवाज झाला की ते दोन्ही हात फाकवतं, मग कवेत घेतल्यासारखं जवळ आणतं आणि रडतं. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली त्याचं वर्णन केलं, त्यामुळे आम्ही त्याला मोरो म्हणतो. आज्या म्हणतात 'बाळ दचकतंय' आणि घट्ट गुंडाळून ठेवतात. ते चार ते सहा महिन्यांत आपोआप जातं. उलट बाळ जन्मल्यावर ते दिसलं नाही तर आम्हाला काळजी वाटते.

मग काळजी कधी करायची? दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण या दोन्हींत घरचे लोक वेळ घालवतात.

एक, साधारण तीन महिने ते वर्षाचं बाळ. झोपेतून उठल्या उठल्या एकामागून एक, ओळीने, मान पुढे आणि हात बाहेर असे हिसके देतं. थांबतं, पुन्हा देतं. घरच्यांना वाटतं पोट दुखतंय किंवा दचकतंय. दचकण्याला काहीतरी निमित्त असतं, आवाज किंवा धक्का. हे मात्र निमित्ताशिवाय येतात आणि माळेसारखे येतात. यात दिवस घालवू नका, बाळाच्या वाढीवर परिणाम होतो. चित्रण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा.

दुसरी, वयात येणारी मुलं. सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात हातातून कप उडतो, ब्रश पडतो. आई म्हणते 'वेंधळा आहे.' रात्रभर अभ्यास किंवा जागरण झालं की जास्त होतं. मुलगा पूर्ण शुद्धीत असतो, म्हणून कुणाला हे फिटसारखं वाटतच नाही. मग एखाद्या दिवशी परीक्षेच्या सुमाराला मोठी फिट येते आणि आम्ही विचारलं की कळतं, कप दीड वर्षापासून पडत होते. याला चांगली औषधं आहेत, पण ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. फिटवरच्या काही गोळ्यांनी हे हिसके उलट वाढतात, म्हणून शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्यालाच राहू द्या.

आणि आचके. हा शब्द आमच्याकडे जवळजवळ कुणी उच्चारत नाही. आयुष्याच्या शेवटी श्वास तुटक होतो, मध्येच थांबतो, पुन्हा एकदम येतो. नातेवाईक ते बघत उभे असतात, त्यांना शब्द माहीत असतो आणि ते तो वापरत नाहीत. 'श्वास लागलाय' म्हणतात. तुमच्या सासूबाई ज्यावरून रागावल्या ते मला पूर्ण समजतं.

पाटावरवंटा
डॉक्टर, फिट आली की चप्पल आणि कांदा हुंगवतात, त्यावर एकदा स्पष्ट बोला. आमच्या गल्लीत अजून चालतं.

रात्रपाळी
चप्पल नको, कांदा नको, तोंडात चमचा तर अजिबात नको. दात तुटतात किंवा वाचवणाऱ्याचं बोट तुटतं. जीभ गिळली जात नाही, ती भीती काढून टाका. आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याजवळचं सैल करा, हालचाल थोडी ओसरली की कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. आणि घड्याळ बघा. बहुतेक फिट्स दोनतीन मिनिटांत थांबतात, पण बघणाऱ्याला तो अर्धा तास वाटतो. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन. चप्पल हुंगवल्यावर फिट थांबते हे खरं आहे, कारण तोवर ती तशीही थांबणारच असते.

निनावी_बरी
हे वाचून लिहावंसं वाटलं. मला कॉलेजपासून हा आजार आहे. आमच्या घरात त्याला शब्दच नव्हता. 'तिला जरा ते होतं' एवढंच. आकडी, फेफरं, मिरगी, फिट, एवढे शब्द भाषेत असून आईने एकही वापरला नाही, कारण लग्न व्हायचं होतं. लग्न रद्द व्हायच्या कारणांमध्ये कायद्यातच हा आजार लिहिलेला होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढला. कायद्यातून गेला, घराघरातून जायला वेळ लागतोय. मी स्वतः 'मला फिट येते' म्हणते. डॉक्टरांच्या 'झटका'पेक्षा मला तो शब्द बरा वाटतो. झटका म्हटलं की लोक माझ्याकडे आता काहीतरी करेल अशा नजरेने बघतात.

रात्रपाळी
पटलं. 'त्याला झटका आला आणि नोकरी सोडून हिमालयात गेला' हाच अर्थ लोकांच्या डोक्यात आधी येतो. लहरीपणाचा. यापुढे मीही पेशंटसमोर फिट म्हणेन.

व्यवस्थापक
आजारपणाबद्दलचे वैयक्तिक प्रश्न आरोग्य विभागात विचारावेत. इथे तपासणी मागू नये. चर्चा चांगली चाललीये, चालू द्या.

कासरा
झटक्याचा एक नवा अवतार राहिला. आमच्या भागात आता प्रत्येक बांधावर झटका मशीन आहे. रानडुकरं ऊस आणि भुईमूग ठेवत नाहीत, विदर्भात रोही म्हणजे नीलगाई आहेत, त्यामुळे शेताभोवती तार ओढून सोलरवरचं हे यंत्र लावतात. दुकानात 'झटका मशीन द्या' म्हणायचं, इंग्रजी नाव कुणाला माहीत नाही.

नाव एकदम बरोबर आहे. तारेत वीज सलग नसते. साधारण सेकंदाला एक ठोका येतो. दाब काही हजार व्होल्टचा, पण ठोका सेकंदाच्या अगदी बारक्या तुकड्याएवढाच. जनावर तारेला लागलं की हिसका बसून मागे सरतं आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत सुटतं. मरत नाही, लक्षात ठेवतं. याउलट काही लोक घरची लाइन थेट तारेला जोडतात. तो गुन्हा आहेच, शिवाय दरवर्षी माणसं मरतात, पुष्कळदा घरचीच, पहाटे पाणी धरायला गेलेली. घरच्या विजेला जनावर किंवा माणूस चिकटतो, कारण हाताचे स्नायू आवळून बसतात आणि तार सोडवत नाही. आमच्याकडे लोक 'करंटला चिकटला' म्हणतात आणि मशीनला 'झटका बसला' म्हणतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकांनी त्यांना दोन वेगळी क्रियापदं दिलीत.

फिरकी
ह्या पोस्टीसाठी धागा वर आणायला हवा.

गरी
मालवणातून एक. गरवताना म्हणजे गळ टाकून मासे पकडताना नवखा माणूस दोरी हलली की लगेच ओढतो आणि आमिष गेलेलं असतं. आमचे आजोबा ओरडायचे, "लगेच झटको मारू नको, जरा खावक दी, मगे ओढ." आमच्याकडे हिसका कमी, झटकोच जास्त. मासा स्वतः मात्र झटका देत नाही, तो 'तडफडता'.

ताळमेळ
पदार्थविज्ञानाच्या बाजूने थोडं. वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण. त्वरण बदलण्याचा दर, त्याला इंग्रजीत भाच्याचाच शब्द आहे, जर्क. एकक मीटर प्रति सेकंद घन. शरीराला वेग जाणवत नाही. त्वरण जाणवतं, पण ते एकसारखं असेल तर आपण स्नायू ताणून सावरून घेतो. सावरता येत नाही ते त्वरण अचानक बदलतं तेव्हा. म्हणून लिफ्ट आणि मेट्रोच्या रचनेत वेग किती असावा याबरोबर हा बदलाचा दर किती असावा हेही ठरवलेलं असतं.

एसटीत बघा. ड्रायव्हर ब्रेक दाबून बस थांबवतो, आपण पुढे झुकू नये म्हणून पाय रोवून उभे असतो. बस थांबते आणि आपण मागे जातो! पुढे नाही, मागे. कारण ब्रेकचा जोर थांबण्याच्या क्षणी एकदम शून्य झाला आणि आपण अजून त्याच्याविरुद्ध ताणलेलेच. मुरलेला ड्रायव्हर शेवटच्या हातभर अंतरात पाय हळूच उचलतो. बस कधी थांबली कळतसुद्धा नाही. क्लचचंही तसंच. भाच्याला सांगा, क्लच सोडायचा नाही, वर येऊ द्यायचा.

तिसरा_डबा
हे रेल्वेला लावून दाखवतो, माझा आवडता विषय.

जुने निळे डबे आठवा, चेन्नईच्या कारखान्याचे. दोन डबे स्क्रूच्या साखळीने आवळलेले आणि दोन्ही बाजूंना बफर. आवळताना बफर दाबले जायचे, त्यामुळे मध्ये मोकळी जागा राहायची नाही. २०१८ च्या सुरुवातीला ते डबे बनणं बंद झालं. आता नवे डबे बहुतेक एलएचबी, म्हणजे मूळ जर्मन बनावटीचे. ते हलके आहेत, वेगाला चांगले आहेत, अपघातात एकमेकांवर चढत नाहीत. पण त्यांची जोडणी मधोमध, मुठीत मूठ अडकवल्यासारखी, आणि तिच्यात थोडी ढिलाई असते. इंजिनाने ओढलं की पहिल्या डब्याची ढिलाई संपते, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, आणि शेवटच्या डब्यापर्यंत ती एक खाड्कन आवाजाची माळ जाते. वरच्या बर्थवर झोपलेल्यांना विचारा. सुरुवातीला तक्रारी खूप झाल्या, मग जोडणीच्या मागची धक्का शोषणारी यंत्रणा बदलायला घेतली. बरंच कमी झालंय, संपलेलं नाही.

डेक्कन क्वीनला जून २०२२ मध्ये हे डबे आले. जुने पासधारक तेव्हापासून दोन पक्षांत वाटले गेलेत, मी कोणत्या पक्षात आहे ते सांगत नाही. आणि पुण्याकडे जाताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, घाटाचा चढ ३७ ला १ आहे म्हणून. ती लागताना जो येतो त्याला डब्यात कुणीही गचका म्हणत नाही. म्हणतात, "बँकर लागला." ठोका म्हणा हवं तर. त्यावर वडेवाला किती वेळ आहे ते ओळखतो.

खवचट_मी
एवढं वाचल्यावर बटाटेवड्यापर्यंत पोचलो, सार्थक झालं.

पाटावरवंटा
एक निरीक्षण. झटका, हिसका, गचका, धचका, दणका, फटका, चटका, ठसका, धसका, दचका, लटका, मुरका. शेवटी सगळ्यांना 'का' आणि बहुतेक सगळे एका क्षणाचे. यांतल्या काहींचं 'कन' होतं: झटकन, चटकन, गचकन. पण झटकन उठला म्हणजे झटक्याने उठला नव्हे, लवकर उठला. चटकन म्हणजे चटका बसून नव्हे. गचकनने मात्र मूळ सोडलेलं नाही, 'बस गचकन थांबली' म्हणजे गचका देऊनच थांबली. आणि हिसक्याचं 'हिसकन' होतच नाही, तिथे आपण खसकन म्हणतो. खसकन हात ओढला. आचक्याचं तर...

खवचट_मी
अचकन होतं. लग्नात घालतात.

पाटावरवंटा
यासाठी तुम्हाला हिसका दाखवायला हवा.

ताळमेळ
'करकचून ब्रेक' विसरलात. त्यात 'कन' नाही, पण आवाज सगळ्यात जास्त.

मल्लखांब
कुस्तीत हिसडा. हिसक्याचा थोरला भाऊ. समोरच्याने मनगट धरलं की हिसडा मारून सोडवतात. किंवा मानेला झटका देऊन त्याचं लक्ष वर नेतात आणि खालून पट काढतात. वस्ताद दोन शब्द कधी एकात मिसळत नाहीत. 'हिसडा दे' म्हणजे सोडव. 'झटका दे' म्हणजे तोल घालव. हिसका हा शब्द मात्र आखाड्यात मी फारसा ऐकला नाही.

कासरा
हिसडा मारतात, हे बैलालाही लागू. हिसका दिला तर तो वळतो. हिसडा त्याने मारला तर आपण पडतो.

उंबरठा
सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंनी कासरा यांची पोस्ट दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, "यांना गाई-गुरं माहीत आहेत." नवऱ्याचं म्हणणं, गाडी गचके *खाते*, हे त्याने आधीपासूनच सांगितलं होतं. असं काही नव्हतं. भाचा क्लच 'वर येऊ द्यायला' शिकलाय, ताळमेळ यांना धन्यवाद.

एक शेवटचं विचारते. बसमध्ये पेंगताना मान एकदम खाली जाते आणि आपण चटकन वर करतो, त्याला शब्द आहे का? डॉक्टर म्हणाले ते दचकणं वेगळं, हे बसल्या बसल्या होतं.

मांडवी_नाका
डुलकी?

गरी
डुलकी म्हणजे ती झोप. मान पडते ते वेगळं. झोकांडी?

कासरा
झोकांडी उभ्या माणसाची, चालता चालता जाते. पिऊन किंवा चक्कर येऊन. मान पडण्याला माझ्याकडे शब्द नाही. नवा धागा काढा, या धाग्यावर आधीच गर्दी झालीये.

तिसरा_डबा
काढा. शेजाऱ्याच्या खांद्यावर पडते त्या मानेला वेगळा शब्द लागेल, तेही त्यातच विचारा.